यात्रेतला मनगटी पट्टा: पाचपैकी अडीच

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत हे पट्टे घेतले. भाव साठ सांगितला, चाळीसला दिले, एकूण आठ नग. आम्ही शरणपूरचे, प्रॉटेस्टंट. यात्रा कॅथलिकांची. पण शेजारीण दरवर्षी ओढून नेते आणि मीही फार आढेवेढे घेत नाही.

पट्टा म्हणजे बोटभर रुंदीची विणलेली नायलॉनची फीत, प्लॅस्टिकचा चाप, वर पांढरी अक्षरं : डब्ल्यू डब्ल्यू जे डी. संडे स्कूलमध्ये वचनं पाठ करणाऱ्यांना बक्षीस द्यायला घेतले होते. पहिल्याच पोरानं विचारलं, "टीचर, हे कुस्तीवाल्यांचं ना?"

मग बसून सांगावं लागलं, की ही इंग्रजी प्रश्नाची आद्याक्षरं आहेत. 'व्हॉट वुड जीझस डू?', म्हणजे येशूनं काय केलं असतं? अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपेका गावी चार्ल्स शेल्डन नावाचे पाळक होते. १८९६ साली त्यांनी रविवारी संध्याकाळच्या उपासनेत प्रवचनाऐवजी कथा वाचायला घेतली, दर वेळी एक प्रकरण. कथेतली मंडळी शपथ घेतात, की वर्षभर हा प्रश्न विचारल्याशिवाय काही करायचं नाही. आणि तो चांगलाच अंगाशी येतो. वर्तमानपत्राचा संपादक मुष्टियुद्धाची बातमी छापत नाही, ग्राहक तुटतात. रेल्वेतला अधिकारी स्वतःच्याच कंपनीचा बेकायदा व्यवहार उघड करतो आणि नोकरी सोडतो. पुढे कॉपीराइटच्या कागदांत चूक निघाली, ज्यानं त्यानं पुस्तक छापलं, पाळकांच्या पदरात फारसं काही पडलं नाही.

पट्टा आला तो १९८९ साली, मिशिगनमधल्या हॉलंड गावातून. तिथल्या एका चर्चमध्ये तरुणांचं काम बघणाऱ्या बाईंनी पोरांसाठी ही कल्पना काढली. नव्वदीत ते लाखोंनी खपले. मागोमाग टी-शर्ट आले, किल्लीच्या साखळ्या आल्या. टोपेकाच्या कथेत या प्रश्नापायी नोकरी जात होती, इथे चाळीस रुपयांत भागतं. हसायचा हक्क मला नाही म्हणा. माझ्या कपाटात वचन छापलेले तीन मग आहेत, तिन्ही नाताळात आलेले, एकातूनही कधी चहा प्यायलेला नाही.

आता मालाविषयी. निळा रंग पहिल्याच धुण्यात सुटला. हळदीचा डाग मात्र जात नाही. आठातल्या एकावर अक्षरांची अदलाबदल झालीय : डब्ल्यू जे डब्ल्यू डी. इंग्रजीत एवढ्यानं प्रश्नाचं विधान होतं. येशूनं काय केलं असतं हे आम्हाला पक्कं ठाऊक आहे, विचारायचं काय त्यात! तिकडच्या निवडणुकीतली, बायबल उंचावून केलेली भाषणं मुलगा मोबाइलवर दाखवतो, तेव्हा वाटतं अमेरिकेत हाच नग जास्त खपला असावा. तो मी कुणाला दिला नाही.

पट्टा काम करतो का? परवा भाजीबाजारात कोथिंबिरीची जुडी पंधराला होती. मी दहाची नोट पुढे केली आणि बाहीतून पट्टा बाहेर आला. यात्रेत साठाचे चाळीस करताना तो अजून पिशवीतच होता, तेव्हा त्याचा त्रास झाला नव्हता. इथे माझा हात तसाच थांबला. भाजीवाल्या मावशींनीही पाहिलं. "ताई, काय लिहिलंय?"

"देवाचं नाव आहे," मी म्हणाले आणि मुकाट्यानं पंधरा दिले.

खोटंच की. नाव कुठे, प्रश्न आहे. पण तो सांगितला असता तर, "मग काय केलं असतं त्यानं?" हे मावशींनी विचारलंच असतं, आणि मागे चारजणी उभ्या होत्या.

चाप तिसऱ्या आठवड्यात तुटला. सध्या सेफ्टीपिन लावून घालते.