डिस्ने वर्ल्ड: धाकटं तीनचं, थोरला तेराचा, मग हॉटेल कोणतं?

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये अशा भावंडांच्या जोडीसाठी मी दोनच हॉटेलं बघेन: कंटेम्पररी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन. कंटेम्पररी १९७१ पासूनचं. मोनोरेल थेट इमारतीतून जाते आणि मॅजिक किंगडम हे थीम पार्क चालत गाठता येतं. दुपारी धाकटं किरकिरायला लागलं की बाबागाडी ढकलत खोलीवर न्यायचं, झोपवायचं. आर्ट ऑफ ॲनिमेशनला यायचं तर बस; त्यात झोपलेल्या पोराला उचलून बाबागाडीची घडी घालायची, म्हणजे झोपमोड ठरलेलीच!

पण तिथल्या फॅमिली स्वीटमध्ये दोन बाथरूम आहेत, सहा जण मावतात. थोरल्याला आवडणाऱ्या हॉलिवूड स्टुडिओज या पार्कला स्कायलायनर रोप-वेने जाता येतं. खिशालाही सहसा तेच सोसवतं. तरीही धाकटं दुपारी झोपणारं असेल, तर मी जास्त पैसे मोजून कंटेम्पररीच घेईन.