घर शोधून देणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: 5 पैकी 3 स्टार, आणि ते 38 मिनिटांचं प्रकरण

आधीच सांगते, हे एजंट नाहीत. घर विकत नाहीत, बिल्डरकडून कमिशन घेत नाहीत (निदान तसं लिहून देतात), फी आपल्याकडूनच घेतात. शहरात नोकरी कुठे, मुलं किती, बजेट किती हे विचारून तीन उपनगरं काढून देतात, प्रत्येकाचा वीसेक पानांचा रिपोर्ट आणि वर एक दिवस गाडीतून फिरवून आणतात. आम्ही दोघंही नोकरीवाले, मुलगा चार वर्षांचा, दर शनिवार-रविवार घरं बघून बघून डोकं पार आउट झालेलं, म्हणून म्हटलं घेऊन तर बघू.

रिपोर्ट दिसायला एक नंबर. शाळा, दवाखाना, बाग, दुकानं सगळं मॅपवर रंगीत ठिपक्यांनी, आणि पहिल्या नंबरच्या उपनगराच्या पहिल्याच पानावर भल्यामोठ्या अक्षरात "ऑफिस: 38 मिनिटं". नवरा तिथेच खूश, पुढची पानं उलटायलाही तयार नाही.

मी एका मंगळवारी सुट्टी टाकली आणि त्या बिल्डिंगच्या गेटपासून खरंच ऑफिसला जाऊन बघितलं. 8:10 ला निघाले. स्टेशन रिपोर्टमध्ये 9 मिनिटांवर, मला 14 लागली, कारण मधला मोठा सिग्नल आणि पुलाचा जिना त्यांच्या हिशोबातच नाही. पहिली गाडी 3 मिनिटांत आली पण चढताच आलं नाही, दुसरी आणखी 7 मिनिटांनी. गाडीत 29 मिनिटं, हे मात्र त्यांचं बरोब्बर. उतरून गर्दीतून बाहेर पडायला 5, ऑफिसच्या दारापर्यंत 8, लिफ्टच्या रांगेत 4. झाली 70. वर पोचले तर कलीग म्हणते, अगं तू सुट्टीवर ना? आता हिला काय सांगू, घर बघायला आलेय म्हणून. तिथेच उभ्याउभ्या ते 38 कुठून आलं ते कळलं, 9 अधिक 29. वाट बघणं, उतरणं, पुढचं चालणं हे सगळं त्यांनी फुकटात धरलेलं.

मग मला चेवच चढला. पुढचे चार दिवस ऑफिस सुटल्यावर आधी त्या गेटपर्यंत, मग आपल्या घरी. बुधवारी 66, गुरुवारी पाऊस आला तर 103, शुक्रवारी 64, सोमवारी 71. सरासरी काढली तर 76 येते, पण पाळणाघराला सरासरीशी काय देणंघेणं, ते सातच्या ठोक्याला बंद होतं, म्हणजे मला रोज त्या 103 वाल्या दिवसाच्या हिशोबानेच निघायला लागणार. मिनिटं किती यापेक्षा ती किती डुगडुगतात हे बघायला हवं, आणि अख्ख्या रिपोर्टमध्ये नेमका हाच आकडा नाही.

माझी खरी तक्रार मात्र त्यांच्या फॉर्मबद्दल आहे. त्यात विचारतात "मुख्य कमावत्या व्यक्तीचं ऑफिस". नवऱ्याचा पगार जास्त म्हणून त्याचं टाकलं, आणि तीनही उपनगरं त्याच्या ऑफिसच्या लाइनवरची आली (माझं ऑफिस नशिबाने त्याच बाजूला, त्याच स्टेशनला). पण त्याचं काम असं की अकराला गेला तरी चालतं, आठवड्यात दोन दिवस घरून. मुलाला आणायला जाते मी, तो आजारी पडला की फोन मला येतो, आणि माझ्याकडे हजेरीला थंब लागतो. म्हणजे अंतर मोजायचं ते माझ्या ऑफिसपासून, व्हाया पाळणाघर. मुलाला रोज कोण आणतं, हा एवढा एक रकाना टाकला असता तर लिस्टच वेगळी आली असती. त्या सर्व्हिसच्या माणसाला हे बोलले, तर तो म्हणाला "मॅडम, असं कुणी विचारत नाही". अरे, मग तुम्ही विचारा ना!

माणूस तसा चांगला होता, मेहनती, पण दोन ठिकाणी फेकली त्याने. एक, रिपोर्टमध्ये नदीकाठच्या भागाला "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" असं लिहिलेलं, तर म्हणे म्हणजे आपल्या हयातीत नाही. तसं नसतं ते. त्याचा अर्थ दरवर्षी 1 टक्का शक्यता, आणि 30 वर्षांचं लोन फिटेपर्यंत निदान एकदा तरी पाणी येण्याची शक्यता साधारण 26 टक्के होते, कॅल्क्युलेटरवर करून बघा. दोन, समोरचा रस्ता रुंद होतोय, मग गाडीने अर्ध्या वेळात पोचाल म्हणे. अमेरिकेतल्या शहरांवर ड्युरांटन आणि टर्नर या दोघांचा 2011 चा अभ्यास आहे, रस्ते जितके वाढवले साधारण तितक्याच प्रमाणात गाड्याही वाढल्या. थोडे दिवस मोकळं वाटतं, मग आहे तेच.

आवाजाचं मात्र फिरवून आणलं त्याच दिवशी कळलं, आणि ते रिपोर्टमुळे नाही. दुसऱ्या नंबरच्या उपनगरात आम्ही खालीच उभे होतो, एक काकू पहिल्या मजल्यावरून कुंड्यांना पाणी घालत होत्या, त्यांना विचारलं रात्री कसं असतं हो इथे. त्या म्हणाल्या पुढच्या बाजूला घ्या, मागे घेऊ नका, अकरानंतर मागून ट्रक जातात. आम्ही रात्री साडेअकराला परत गेलो, फोनवरचं मीटर लावलं, मागे 61, पुढे 44. फोनचं मीटर काही पक्कं नसतं पण दोन बाजूंची तुलना करायला पुरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या 2018 च्या गाइडलाइनमध्ये रात्रीच्या रस्त्याच्या आवाजाला 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, त्यावरून मागच्या बेडरूमचं काय ते समजा.

तीन स्टार कशाचे म्हणाल तर कागदपत्रांचे. टायटल, परवानग्या, आधीच्या मालकाची थकबाकी, सगळं त्यांच्या वकिलाने नीट बघितलं, एका फ्लॅटची थकबाकी पकडली जी आम्हाला जन्मात दिसली नसती. आणि शाळा. ठिपका घराशेजारी आहे म्हणून प्रवेश मिळतोच असं नाही, तर या माणसाने स्वतः फोन करून जागा आहेत का ते विचारलं, दोन ठिकाणी नव्हत्या.

शेवटी आम्ही दुसऱ्या नंबरचंच घेतलं, पुढच्या बाजूचा फ्लॅट. रिपोर्टमध्ये 46 मिनिटं, मला लागतात 65 च्या आसपास, पण तिथून दोन वेगवेगळ्या लाइन मिळतात, त्यामुळे पावसाच्या दिवशीही 74 च्या वर गेलं नाही, आणि पाळणाघर स्टेशनच्याच रस्त्यावर. नवरा अजून अधूनमधून 38 ची आठवण काढतो.

घेणार असाल तर फिरवण्याचा दिवस रविवार देतात, तो घेऊ नका, भांडून मधला वार मागा. रिपोर्टची फी परत मिळत नाही, फिरवण्याची मिळते, पण दोन दिवस आधी कळवलं तरच.