कॅम्पर वाटेत बसली तर: तिथेच काम करायचं की टो करून कळंबोलीला आणायची?
ठाण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरवर बनवलेली कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय केलेली गाडी, घेऊन कोकणात निघालात आणि महाडच्या पुढे चढावर क्लच गेला, तर काय?

हायवेवरच्या गॅरेजचं बरं असतं, मिस्त्री लगेच हात घालतो, लेबर कमी, आणि पार्टही मिळतात कारण वऱ्हाडापासून पिकनिकपर्यंत सगळीकडे तीच गाडी धावते. पण क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट नि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, नाहीतर थोड्या दिवसांनी बेअरिंग ओरडायला लागलं की तीच लेबर परत भरायची. भाव आधी ठरवा, जुने पार्ट मागून घ्या, पक्कं बिल घ्या, लाजू नका.

पनवेलजवळच्या कळंबोलीत ओळखीचा माणूस असतो, चार दुकानं फिरता येतात, वॉरंटीचं भांडण घराजवळ. पण टोइंगचं भाडं किलोमीटरवर चढतं, इन्शुरन्सचं रोडसाइड असिस्टन्स बहुतेकदा जवळच्या गॅरेजपर्यंतच नेतं, आणि झिजलेला क्लच पॉलिसीत बसतच नाही. टपावर एसी, सोलार असेल तर फ्लॅटबेडवर चढवल्यावर उंची मोजा, पूल काय सरकत नाही!

माझं मत विचाराल तर क्लच, ब्रेक, रेडिएटर तिथेच करा. इंजिन उघडायचं म्हणाला की मात्र टो. आणि आतला फ्रिज, इन्व्हर्टर किंवा पाण्याचा पंप बंद पडला तर वाटेत कोणाला हातच लावू देऊ नका, बर्फ घ्या, पाण्याचे कॅन भरा नि पुढे चला, ते काम ज्याने फिटिंग केलंय त्याच्याकडूनच घरी आल्यावर.