आयर्न बिसग्लायसिनेट कॅप्सूल: गोळी चांगली आहे, पण कॅल्शियमपासून लांब ठेवा

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी आलं म्हणून डॉक्टरांनी आयर्न सुरू करायला सांगितलं आणि कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, झिंक हे सगळं आधीपासून चालूच होतं, त्यामुळे हा रिव्ह्यू नुसत्या कॅप्सूलचा नाही, बाकीच्या गोळ्यांसोबत ती कशी जमते त्याचा पण आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हाच फॉर्म्युला बऱ्याच कंपन्या काढतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या आयर्नला लागू पडतं.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे लेबल. २५ मिलिग्रॅम एलिमेंटल आयर्न असं सरळ लिहिलंय. घेताना हाच, म्हणजे प्रत्यक्ष लोहाचा आकडा बघायचा, समोर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा नव्हे, कारण आयर्न बिसग्लायसिनेट, सल्फेट, फ्युमरेट, ग्लुकोनेट अशा वेगवेगळ्या रूपांत मिळतं आणि फेरस सल्फेटची ३२५ मिलिग्रॅमची गोळी असली तरी त्यात प्रत्यक्ष लोह साधारण ६५ मिलिग्रॅमच असतं, फ्युमरेटमध्ये वजनाच्या एक तृतीयांश आणि ग्लुकोनेटमध्ये तर जेमतेम १२ टक्के. दोन डबे शेजारी ठेवून तुलना करायची तर एलिमेंटलचीच करा.

पोटाचं म्हणाल तर छान. सल्फेट घेतलं की मला मळमळ आणि बद्धकोष्ठता दोन्ही व्हायचं, बिसग्लायसिनेटने तो त्रास जवळजवळ नाही. शी थोडी काळपट होते, पण शोषलं न गेलेलं लोह बाहेर पडतं म्हणून होते ती, घाबरू नका. मात्र डांबरासारखी चिकट आणि भयंकर वास येणारी असेल तर ती आयर्नच्या खात्यात टाकून मोकळं होऊ नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

आता खरा मुद्दा. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही म्हणजे नाही. ३०० ते ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम लोहाबरोबर एकाच वेळी पोटात गेलं तर लोहाचं शोषण निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतं, आणि कॅल्शियमची साधी गोळीच ५०० ची असते! मी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी आयर्न घेते आणि कॅल्शियम थेट रात्रीच्या जेवणाबरोबर. चहा-कॉफी पण आयर्नच्या आसपास नको, त्यातले पॉलिफेनॉल्स लोहाला धरून ठेवतात, तासभर तरी थांबा. झिंकचं उलटं आहे, जास्त डोसचं आयर्न आणि झिंक उपाशीपोटी एकत्र घेतलं तर झिंकच कमी शोषलं जातं, म्हणून ते मी दुपारी ढकललंय. डी, बी१२ आणि फॉलिक ॲसिडचं मात्र आयर्नशी काही भांडण नाही, कधीही घ्या.

थायरॉईडची लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी हे नीट वाचा प्लीज. दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडचं औषध नीट लागू पडत नाही आणि मग उगाच डोस वाढत जातो. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन सारखं अँटिबायोटिक चालू असेल तर तिथेही अंतर लागतं, किती ते डॉक्टरांना विचारा. ॲसिडिटीची रोजची गोळी असेल तर तीही सांगा, पोटातलं ॲसिड कमी झालं की लोह कमी शोषलं जातं.

या कॅप्सूलमध्ये व्हिटॅमिन सी घातलंय आणि डब्यावर त्याचीच सगळ्यात मोठी जाहिरात आहे. सी ने शोषणाला मदत होते हे खरंय, पण २०२० साली जामा नेटवर्क ओपन या वैद्यकीय जर्नलमध्ये आलेल्या ट्रायलमध्ये नुसतं आयर्न घेणाऱ्यांचं हिमोग्लोबिन आयर्न अधिक सी घेणाऱ्यांइतकंच वाढलं होतं, त्यामुळे तेवढ्यासाठी महागातली घ्यायची गरज मला तरी वाटत नाही.

अजून एक, जे डब्यावर कुठेच नाही. ६० मिलिग्रॅमच्या आसपास किंवा जास्त लोह घेतलं की शरीरात हेपसिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीपर्यंत आतड्याचं दार अर्धवट लावून ठेवतं. म्हणूनच २०१७ च्या लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या जर्नलमधल्या अभ्यासात लोह कमी असलेल्या बायकांना एक दिवसाआड गोळी दिली तेव्हा रोज घेण्यापेक्षा चांगलं शोषण दिसलं. मोठा डोस असेल आणि पोट त्रास देत असेल तर एक दिवसाआड चालेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा, स्वतःच्या मनाने मात्र बदलू नका.

ऑल इन वन मल्टिव्हिटॅमिन, ज्यात आयर्न, कॅल्शियम, झिंक सगळं एकाच गोळीत, ते लोह खरंच कमी असलेल्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि टेस्ट न करता नुसता थकवा येतो म्हणून आयर्न सुरू करू नका, हिमोक्रोमॅटोसिस (शरीर गरजेपेक्षा जास्त लोह शोषून घेतं तो आजार) असणाऱ्यांच्या शरीरात ते साठत जातं आणि लिव्हरला धोका होतो.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो झाकणासाठी, अगदी सहज उघडतं. आयर्नच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं, कंपनीने चाइल्ड-प्रूफ झाकण द्यायलाच पाहिजे होतं. घरात लहान मूल असेल तर डबा वरच्या कपाटात, कुलपात ठेवा.