फॅन स्विच आणि ओबीडी डोंगल, स्टॉक स्विफ्टमध्ये आठ-नऊ महिने वापरल्यावर

गाडी म्हणजे जुनी स्विफ्ट १.२ पेट्रोल, इंजिन स्टॉक (कंपनीचं जसंच्या तसं), रोज पुण्यात ऑफिसला जाते आणि जमेल तेव्हा ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन या ड्रॅग रेसला (सरळ रेषेत, थांबलेल्या गाडीतून सुरू होणारी शर्यत) ४०२ मीटर पळते. गेल्या पावसाळ्यात दोन गोष्टी लावल्या, एक ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये लावायचा, इंजिनचे आकडे फोनवर दाखवणारा) आणि दुसरं म्हणजे रेडिएटर फॅन हवा तेव्हा चालू करायला डॅशखाली वेगळा स्विच (४० अँपिअरचा रिले, म्हणजे छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, त्याला स्वतःचा फ्यूज, वायर जाड). दोन्ही मिळून खर्च एका चांगल्या टायरपेक्षाही कमी.

आधी हे सांगतो की अशी गाडी ४०२ मीटर मारते १८-१९ सेकंदांत, तेवढ्यात काही उकळत नाही. गरम होते ती रनची वाट बघत लाईनीत. पुढे दहा-बारा गाड्या, ऊन डोक्यावर, खाली तापलेलं डांबर, आणि आपण दर दोन मिनिटांनी चार फूट पुढे सरकतोय. बऱ्याच गाड्यांत टेम्परेचरचा काटा ८० डिग्रीलाही मधोमध आणि १०० लाही मधोमध, त्यामुळे डोंगल लावेपर्यंत हे काही कळतच नाही.

फोनवरच्या टॉर्क ॲपमध्ये मी चारच आकडे ठेवलेत, कूलंट (रेडिएटरच्या पाण्याचं तापमान), इनटेक एअर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान), व्होल्टेज आणि टायमिंग ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते). त्यात खरा खलनायक निघाला इनटेक. बाहेर ३१ डिग्री आणि बॉनेट बंद करून उभी गाडी, इनटेक ५६! हवा इतकी तापली की तेवढ्याच सिलिंडरमध्ये सात-आठ टक्के कमी भरते, वर नॉकच्या (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसण्याच्या) भीतीने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो. गाडी सुटल्यावर आकडा खाली येतो म्हणा, पण तोपर्यंत पहिला गिअर संपलेला असतो. त्यामुळे लाईनीत बॉनेट उघडं, हा फुकटातला उपाय फॅन स्विचच्याही वर.

आता स्विच. माझ्या गाडीत कंपनीचा फॅन आपोआप ९६-९७ ला लागतो आणि थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ च्या आसपास उघडायला लागतो, म्हणजे मधे बराच पट्टा मोकळा आहे. स्विच टाकला की कूलंट ८५-८६ ला येऊन बसतं आणि तिथेच राहतं. त्याच्या खाली जात नाही आणि जायलाही नको, ऑइल थंड असेल तर इंजिन जड चालतं. कूलंट ८५ दाखवत असलं तरी ऑइल मागेच असतं, म्हणून घरून गाडी चालवत येणाऱ्याचा पहिला रन ट्रेलरवर आणलेल्या गाडीपेक्षा बरा निघतो. एसी लावला की फॅन फिरत राहतो म्हणून काहीजण मुद्दाम एसी लावून उभे राहतात, पण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यातच असतो हो, त्याची सगळी गरमी रेडिएटरवरच. स्विचमुळे एसीशिवाय फॅन मिळतो, हाच मुख्य फायदा.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. इंजिन बंद करून नुसता फॅन फिरवला तर रेडिएटर थंड होतो, इंजिन नाही, कारण आपल्या गाड्यांचा वॉटर पंप बेल्टवर चालतो, इंजिन थांबलं की पाणी जागच्या जागी. उलट बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं हेडमधली उष्णता पाण्यात उतरते आणि आकडा चढतोच. अमेरिकेत ड्रॅगवाले इलेक्ट्रिक पंप लावतात म्हणून त्यांना इंजिन बंद ठेवून थंड करणं जमतं. आपण रन झाल्यावर परतीच्या रस्त्याने हळू चालवत, फॅन चालू ठेवून यायचं, बास.

बंद गाडीत फॅन चालवण्याचा दुसरा तोटा बॅटरीचा. फॅन १०-१२ अँपिअर खातो, दहा मिनिटांत दोन अँपिअर-अवर गेले आणि आपली बॅटरी ३५ ची. मग स्टार्ट केल्यावर अल्टरनेटर ती भरायला जोर लावतो, नेमका रनच्या वेळी. ५० अँपिअर काढले तर १४ व्होल्टला ७०० वॅट, अल्टरनेटरचा लॉस धरून इंजिनवर दीड-पावणेदोन एचपीचं ओझं. चौऱ्याऐंशी एचपीच्या गाडीत हे दिसतं, थोडंसं. म्हणून आदल्या रात्री घरी चार्जर लावतो आणि स्टेजिंगला (स्टार्ट लाईनवर) पोचलो की फॅन, ब्लोअर, लाईट, मागची काच गरम करणारी ग्रिड सगळं बंद.

पण अल्टरनेटरच बंद करायचा स्विच लावा असं जे पठ्ठे सांगतात त्यांचं ऐकू नका. व्होल्टेज १४ वरून १२ वर आलं की फ्युएल पंप मंदावतो, कॉइलची ठिणगी अशक्त, दीड एचपी वाचवायला जाऊन तेवढीच घालवाल. आणि नव्या गाड्यांत ईसीयू फुल थ्रॉटलला एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच सोडतो, काहींत चार्जिंगही कमी करतो, तिथे करण्यासारखं फार उरतही नाही.

तक्रारी डोंगलबद्दल. स्वस्तातला क्लोन (नक्कल) आहे, चार आकडे एकत्र ठेवले की अपडेट सेकंद-दीड सेकंदाने येतं, रन चालू असताना ते बघायला निरुपयोगी, लॉग नंतर बघायचा. लाईनीत उभं असताना पुरतं. मधेच ब्लूटूथ सुटतं. आणि लावून ठेवला तर गाडी बंद असतानाही करंट खात राहतो, आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तर काढूनच ठेवायचा. फॅन स्विचला मात्र एक लाल इंडिकेटर दिवा हवाच, आणि रिलेला पाणी लागणार नाही अशी जागा. पावसात माझ्या रिलेच्या पायांवर हिरवा गंज आला होता, आता ग्रीस लावून उलटा बसवलाय, पाय खाली.