पहाटेचा गजर वसूल, शर्यत मात्र ढिसाळ

यंदाची थंडी आमच्या रनिंग क्लबसोबत काढली. पहाटे साडेपाचला अंधारात हेडलॅम्प लावलेली 15-20 माणसं, तोंडातून वाफा. पहिले 2 किलोमीटर बोटं बधिर, मग जॅकेट कमरेला. पेसर (सोबत धावून वेग सांभाळणारी) मंडळी खरंच चांगली. धावताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मी कायम शेवटची (लाज सोडली आता), पण एक जण मुद्दाम माझ्यामागे राहतो.

शर्यतीत मात्र बोंब. 10 किलोमीटरची सुरुवात 25 मिनिटं उशिरा, वॉर्मअप केलेलं अंग पुन्हा गारठलं आणि चौथ्या किलोमीटरला पोटरी धरली. तरी 21.1 किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. यावेळी सुरुवात होईपर्यंत जुना स्वेटर अंगावरच ठेवणार.