मंत्रचळ: आभासी घाट की खरा घाट?
रामकुंडाच्या ओल्या पायरीला हात लागला की मंत्रचळामुळे, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकारामुळे (OCD), तासभर हात धूत बसणाऱ्या मुलीच्या संवादोपचाराला आभासी वास्तवाची, म्हणजे डोळ्यांवर चष्मा लावून दिसणाऱ्या संगणकी दृश्यांची, जोड द्यावी का, असे पंचवटीतील एका आईने विचारले. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा आभासी घाटावर आणि खऱ्या घाटावरच्या प्रत्यक्ष सरावातही एकच आहे: भीती वाटते ते समोर आणायचे आणि हात धुणे रोखून धरायचे. प्रत्यक्ष सरावाला उपकरणाचा खर्च नाही आणि शेवाळाचा बुळबुळीत स्पर्श खराच असतो. चष्म्यातील घाट फक्त दिसतो, हाताला लागत नाही, शिवाय काहींना मळमळते. मात्र तेथे प्रसंग हवा तेव्हा थांबवता येतो, ही सोय मोलाची आहे. पुराव्याचे पारडे प्रत्यक्ष सरावाकडेच झुकते. मुलगी घाटापर्यंत येऊ शकत असेल, तर उपचारतज्ज्ञांसोबत पायरीवरच सुरुवात करावी. उंबरठाच ओलांडवत नसेल, तर पहिल्या काही बैठकांपुरता चष्मा घ्यावा.